भिंत वाळेपर्यंत

रविवार, १ फेब्रुवारी

आठ जानेवारी, गुरुवार, सकाळी सव्वाअकरा. माझं सगळं बदललं ते तेव्हा. वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण तास कधी संपतो म्हणून मी घड्याळाकडेच बघत बसलो होतो. कॉलेजात पाहुणी म्हणून बोलायला आलेल्या तिने पिशवीतून मातीची एक वीट काढली, सरांच्या टेबलावर पाण्याने भरलेलं काचेचं भांडं ठेवलं, त्यात ती सोडली आणि म्हणाली, "ही विरघळली की मी बोलायची थांबेन." पाऊण तास बोलली. वीट होती तशीच. विरघळलं ते भलतंच काहीतरी.

शेवटी आमचे सर म्हणाले, "छान आहे, पण ही झाली गरिबांची सोय. तुम्ही मुलांनी काँक्रीट शिका." मी उभा राहिलो. गरिबांसाठी बांधायचंच नसेल तर फाटकावर 'समाजासाठी शिक्षण' कशाला लिहिलंय, असं विचारलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. थांबलो नाही. आठवड्याने माफी मागायला बोलावलं, तर मी नावच काढून घेतलं. तिसरं वर्ष, तेही अर्धवट.

बाबांचं सिमेंटचं दुकान आहे, त्यामुळे त्यांना दुहेरी लागलं. ते दोन दिवस बोलले नाहीत. आई म्हणाली, "कोण आहे ते तरी सांग." मी म्हटलं, आई, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "असू दे. तत्त्व दिसायला कशी आहे?"

उद्यापासून तिच्या साइटवर फुकट काम करणार. म्हणून ही वही.

बुधवार, ४ फेब्रुवारी

शहर संपतं तिथे एक उघडा माळ आहे. रस्ता रुंद करताना ज्यांची घरं पाडली, त्या चाळीस घरांतली माणसं इथे पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवली आहेत. दुपारी पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. ती आर्किटेक्ट आहे (माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, हल्ली तेवढं कोणी बघत नाही). या लोकांना पायाखालच्याच मातीची घरं बांधायला ती मदत करते. नमुन्याची एक खोली उभी राहिली आहे, गिलावा बाकी आहे.

खरं काम चालतं ते एका मावशीच्या शब्दावर. सगळे तिला लिंपणवाली मावशी म्हणतात. साठीची असेल, अंगाने काटकुळी, पण तिचा पंजा भिंतीवर फिरला की भिंत मांजरासारखी गप्प होते. तिची भाची चिखल तुडवते आणि तोंड चालवते. पहिल्याच दिवशी तिने मला 'कॉलेज' हे नाव दिलं.

"कॉलेज सोडलंय मी," मी म्हटलं.

"मग काय म्हणू? सोडलेलं कॉलेज? लांब पडतं."

मला इथला पेच आजच कळला. घर 'पक्कं' म्हणून कचेरीत नोंदलं, तरच जागेचा कागद माणसाच्या नावावर होतो. कागद नसेल तर उद्या पुन्हा उठवतील. आणि घर पक्कं ठरायला कार्डवाल्या गवंड्याची सही लागते. कार्डवाले सगळे गवंडी विटा-सिमेंटवाले, त्यांना मातीतलं ओ की ठो कळत नाही. ज्यांना कळतं त्या बायका, आणि हजेरीत त्या सगळ्या 'हेल्पर'. मावशी चाळीस वर्षं हेल्पर आहे. आता तिने या खोलीवर परीक्षा दिली आणि कचेरीच्या तीन साहेबांनी पास केलं, तर तिला गवंड्याचं कार्ड मिळेल. मग तिच्या सहीवर चाळीसच्या चाळीस घरं पक्की.

संध्याकाळी ती (मावशी नव्हे) म्हणाली, "अरे, तू जेवलास का?" एवढ्या माणसांत मलाच विचारलं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

चिखल तुडवून टाचा फुटल्या. भाची म्हणते माझं तुडवणं म्हणजे कोणावर तरी राग काढणं. "चिखलाने तुझं काय वाकडं केलंय?"

ती (भाची नव्हे) दिवसभर फोनवर. फोन आला की लांब जाऊन बोलते आणि हसत परत येते. भाऊ असावा.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आज भांडलो. हजेरी लिहिणाऱ्याच्या वहीत रकाने आहेत, एक गवंडी, एक हेल्पर. विटा रचणारा कालचा पोरगा गवंडी, आणि भिंतीला जीव देणारी मावशी हेल्पर. मी वही ओढून घेतली, त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. चार माणसं जमली. मला वाटलं मावशी खूश होईल.

ती म्हणाली, "झालं तुझं? तू आता घरी जाशील. उद्या सकाळी त्याच्यासमोर मला उभं राहायचंय. तो मला तासभर उन्हात तिष्ठत ठेवेल."

"पण अन्याय आहे हा."

"हो ना. मला माहीतच नव्हतं बघ. बरं झालं तू आलास."

जरा वेळाने तिने विचारलं, "तुमच्या आर्किटेक्टबाईंचं स्वतःचं घर कशाचं आहे रे?" मी म्हटलं, माहीत नाही. माहीत आहे. सहावा मजला, काँक्रीट. पण त्याचा इथे काय संबंध?

गुरुवार, १९ फेब्रुवारी

गिलावा पुरा झाला. माती, बारीक भुसा, वरून चुन्याचा हात. मागची भिंत आधी झाली होती, ती वाळून एकसारखी फिक्की झाली आहे. पुढची मात्र खाली कमरेपर्यंत गडद, मध्येच नकाशासारखे डाग. सोमवारी साहेब पहिल्यांदा बघायला येणार. तीन आठवड्यांनी दुसऱ्यांदा बघतील, मग निकाल.

मावशी भिंतीचा ओलावा हाताने बघत नाही, गाल लावून बघते. हाताला घट्टे पडलेत, हात खोटं बोलतो म्हणे. गाल लावला, डोळे मिटले आणि म्हणाली, "पोटात अजून पाणी आहे. वाळेल तिच्या चालीने."

"पण सोमवारी ते डाग बघतील."

"बघू देत. भिंत आहे ती. केस नव्हेत, पुसले की कोरडे."

आर्किटेक्ट मात्र काळजीत होती. डागांकडे बघून कपाळाला हात लावला. "पहिलं इम्प्रेशन," एवढंच म्हणाली. मला ते बघवलं नाही. काहीतरी केलं पाहिजे.

शनिवार, २१ फेब्रुवारी

कॉलेज सोडल्यावर पहिल्यांदाच बाबांच्या दुकानात गेलो. महिन्याने. बाबा गिऱ्हाइकाशी बोलत होते, माझ्याकडे बघून बोलणं मध्येच तुटलं. मी भिंतीवर मारायचा पारदर्शक वॉटरप्रूफचा डबा मागितला. एक हात मारला की पाण्याचा थेंब आत जात नाही आणि रंगही एकसारखा दिसतो.

बाबांनी फळीवरून डबा काढला, फडक्याने पुसला, पण हातात दिला नाही. "भिंत वाळलीय ना पुरती?"

"वाळलीय."

"आतून?"

"बाबा, भिंत आहे ती, जखम नाही."

त्यांनी डबा दिला. वर एक नवा ब्रशही ठेवला, आणि गिऱ्हाइकाकडे वळले. सिमेंट विकणाऱ्याला मातीतलं काय कळणार. तरी तो ब्रश मी पिशवीत टाकला नाही, हातातच धरून आलो, हे खरं.

रविवार, २२ फेब्रुवारी

सुट्टी. साइटवर कोणी नाही. उजाडता उजाडता गेलो आणि पुढच्या भिंतीला आतून-बाहेरून दोन-दोन हात मारले. मागच्या भिंतीला डबा पुरला नाही, पण ती तशीही चांगलीच दिसते. ऊन वर आलं तेव्हा डाग गेले होते. सगळी भिंत मधासारखी एका रंगाची. कोणाला सांगणार नाही. चांगलं काम गाजावाजा न करता करावं.

सोमवार, २३ फेब्रुवारी

साहेब तिघे. मोठे साहेब, एक चष्मेवाले इंजिनिअर आणि एक नुसते माना डोलावणारे. इंजिनिअरने टिचकी मारली, नाण्याने ओरखडून बघितलं, मग तांब्याभर पाणी भिंतीवर फेकलं. पाणी काचेवरून घसरावं तसं घसरलं. तिघे एकमेकांकडे बघायला लागले. इंजिनिअरने पुन्हा फेकलं. पुन्हा तेच. "मातीच्या गिलाव्याला असा गुण? काय घालता यात?"

प्रश्न मावशीला हवा होता, पण बघत होते तिच्याकडे, म्हणजे आर्किटेक्टकडे. तिनेच उत्तर दिलं. पारंपरिक ज्ञान, स्थानिक माती, वगैरे. काय सुंदर बोलते. साहेब गेल्यावर तिने आनंदाने माझा दंड धरला. तिच्या हाताला चिखल लागला तो तिने नंतर रुमालाने पुसला, पण आधी धरला होता.

मावशी भिंतीसमोर एकटीच उभी. "माझ्या भिंतीवरून पाणी असं पळत नाही," ती म्हणाली. "माझी भिंत पाणी पिते. मग हळूहळू परत देते."

"चांगलंच झालं की, मावशी."

"हं," ती म्हणाली. तिने गाल लावला आणि लगेच काढून घेतला.

रविवार, १ मार्च

भाचीने विचारलं, "आमचं घर झाल्यावर दाराला रंग कुठला लावू?" मी म्हटलं, मला काय विचारतेस. "नाही, आपलं कॉलेजचं मत घ्यावं म्हटलं." दिवसभर मग माझ्याशी बोलली नाही. बायकांचं काही कळत नाही. निळा बरा दिसेल.

शुक्रवार, ६ मार्च

भिंतीला फोड आलेत. खाली, कमरेएवढ्या उंचीवर, अंगावर भाजल्याचे येतात तसे. दाबलं तर आत पाणी आहे हे कळतं. बाहेर वाट नाही म्हणून ते आतल्या आत गिलावा सोडवतंय. 

मावशीने एक फोड नखाने उचकटला. वरून बारीक पापुद्रा निघाला. तो तिने उजेडात धरला, बोटांत चोळला, पदराच्या टोकात बांधून ठेवला.

"कॉलेज, तू काही लावलंस का हिला?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, आणि भांडताना मी खरं बोलतो.

"नाही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि कामाला लागली.

सोमवार, ९ मार्च

आज मावशीने मुद्दाम शेजारी बसवून घेतलं. नवी लग्न होऊन आली तेव्हाची गोष्ट सांगितली. घरात नवी खोली लिंपली होती, पाहुणे यायचे होते. भिंत लवकर वाळावी म्हणून हिने आत शेकोटी केली. भिंत तडकली. सासूने विचारलं तेव्हा ही गप्प बसली, आणि आळ गेला जावेवर. "जाऊबाईने त्यानंतर लिंपणाला हात लावला नाही. माझ्याहून तिचा हात चांगला होता."

"मग तुम्ही नंतर सांगितलंत ना?"

"सांगायचं ठरवलं तोवर ती गेली होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हाताऱ्या माणसांना जुनं काहीबाही आठवत असतं. मी म्हटलं, मावशी, निघतो, उशीर होतोय.

मंगळवार, १० मार्च

पुढच्या भिंतीचा गिलावा सकाळी हातभर रुंदीने खाली आला. कोणाला लागलं नाही. इंजिनिअर येऊन फोटो काढून गेला. मागच्या भिंतीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. चिठ्ठी आली आहे की सोमवारी कचेरीत बैठक, त्यातच निकाल.

शेडमधले लोक लांबून बघत होते. कोणी मावशीला एका शब्दाने बोललं नाही. एक म्हातारा मात्र आपल्या मुलाला म्हणाला, "सामान बांधलेलंच राहू दे."

भाची घमेलं धूत होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "आत्या काल म्हणाली, पोरगा बोलेल. मी म्हटलं, कॉलेज आहे ते, परीक्षेच्या आदल्या दिवशी सोडतं." म्हणजे त्यांना काय माहीत आहे? कसं?

गुरुवार, १२ मार्च

आज तिला सगळं सांगितलं. आर्किटेक्टला. मला वाटलं होतं ती रागावेल, मग समजून घेईल, मग आम्ही दोघं मिळून कचेरीत जाऊ. हे सगळं मी आरशासमोर करूनही बघितलं होतं.

तिने ऐकता ऐकता हातातली फाइल मिटली. डोळे लाल, चार दिवस झोपली नसावी. मग म्हणाली, "हे तू कोणाला सांगू नकोस."

"का?"

"तुझ्यावर थांबणार नाही ते. माझ्या साइटवर कोणीही येतं, काहीही फासतं, असा अर्थ होईल. बाकीच्या तीन वस्त्यांच्या परवानग्या याच साहेबांकडे आहेत. विचार कर जरा. मावशी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू शकते."

"आणि तोवर हे लोक?"

"अजून एक उन्हाळा पत्र्यात काढतील. आधी काढलाय ना."

तिच्या बोलण्यात हिशेब बरोबर होता. तीन वस्त्या एकीकडे, एक मावशी दुसरीकडे. तो मी घरी येईपर्यंत मनात मांडत होतो, आणि दर वेळी ज्या बाजूला मावशी होती तिथे मला पदराच्या टोकाला मारलेली गाठ दिसत होती.

बोलता बोलता तिचा फोन आला. "हो रे, निघतेच. हॉल तू बघून ठेव, मला कुठलाही चालेल. तुझ्या आईला विचार फक्त." भावाला कशासाठी तरी हॉल हवा असावा. पण मग 'तुझ्या आईला'?

आता पुढे लिहवत नाही.

शनिवार, १४ मार्च

बाबांना फोन केला. म्हटलं, भिंत वाळली नव्हती. पलीकडे दुकानातला ट्रक उतरवण्याचा आवाज येत होता. बाबा म्हणाले, "मला वाटलंच होतं." मी म्हटलं, मग दिलात कशाला डबा? ते म्हणाले, "महिन्याने आला होतास रे."

सोमवार, १६ मार्च

कचेरीतली खोली लहान. लांब टेबल, पलीकडे तिघे साहेब, अलीकडे तीन खुर्च्या. ती एका खुर्चीवर, मी एकीवर. मावशी उभी. खुर्ची रिकामी होती, पण तिला कोणी बस म्हटलं नाही आणि ती आपण होऊन बसली नाही. मला तर सुचलंच नाही.

साहेबांनी कारण विचारलं. आर्किटेक्ट म्हणाली, हवेतला दमटपणा असेल, मातीचा पोत असेल, नक्की सांगता येणार नाही. खोटं असं काहीच बोलली नाही. मोठ्या साहेबांनी पेन उघडलं. "मग कारागिराची चूक असं लिहू. पुढच्या वर्षी बघता येईल."

मी उभा राहिलो. आजवर मी उभा राहिलो की आवाज आपोआप चढायचा. आज आवाजच येईना. घसा साफ केला आणि म्हटलं, चूक माझी आहे. डबा कुठून आणला, कधी मारला, किती हात मारले, सगळं सांगितलं. भिंत ओली होती आणि मावशीने ती ओली आहे म्हणून सांगितलं होतं, हेही. पहिल्या दिवशी पाणी घसरलं ते डब्यामुळे.

आर्किटेक्टने माझ्याकडे बघितलं नाही. फाइलची दोरी सोडली, पुन्हा बांधली.

"पुरावा काय?" इंजिनिअर म्हणाला. "तुम्ही बाईंना वाचवायला बोलत असाल."

मी काही म्हणायच्या आत मावशीने पदराची गाठ सोडली आणि पापुद्रा टेबलावर ठेवला. मी टेबलावरची काडेपेटी घेतली आणि पापुद्र्याला काडी लावली. पापुद्रा वळला, काळा पडला, प्लास्टिक जळल्याची घाण सगळ्या खोलीत भरली. माना डोलावणाऱ्या साहेबांनी उठून खिडकी उघडली.

"माती जळत नाही, साहेब," मावशी म्हणाली. "आणि गिलाव्यात ब्रशचे केस चिकटलेत. मी आयुष्यात ब्रश धरला नाही."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" मोठे साहेब म्हणाले. "मग आधी बोलला का नाहीत?"

"बोलले असते. तुम्ही वहीत काय लिहिलं असतं?"

 मोठे साहेब पेनाचं टोपण शोधत होते, ते त्यांच्या हाताखालीच होतं.

मावशी पुढे झाली. "मागची भिंत माझी आहे, पुढच्या भिंतीसारखीच, फक्त याचा डबा तिथवर पुरला नाही. उद्या या. पाणी तुमच्या हाताने मारा. आधी ती पिईल, घाबरू नका. दुपारपर्यंत थांबा, मग हात लावून बघा. पुढची मी सोलून काढते आणि नव्याने लिंपते."

"वाळायला किती दिवस लागतील?" इंजिनिअरने विचारलं. त्याने वही जवळ ओढली होती, आणि या वेळी तो बघत होता मावशीकडे.

"ते खालच्या जमिनीवर आहे. तिथे मुरूम आहे का काळी, त्यावर." मावशीने रिकामी खुर्ची ओढली आणि बसली. मग मी अजून उभाच आहे हे तिच्या लक्षात आलं.

"मावशी," मी म्हटलं, "माझं..."

"तुझं नंतर. ते काही एवढ्यात वाळायचं नाही." तिने हाताने दाराकडे दाखवलं. "आता जा तू. इथे गवंड्यांचं बोलणं चाललंय."

टेबलापलीकडे तिघे साहेब बसले होते. कोणी तो शब्द दुरुस्त केला नाही. इंजिनिअर तर लिहीत होता, आणि त्याने विचारलं, "मुरूम असेल तर?"

मी बाहेर आलो आणि मागे दार ओढून घेतलं.